मूठ, चिमूट आणि घरची भाजी



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण ही व्याख्यानमाला चालवता, त्यांनी या भागातल्या लोकांना माती हातात घेऊन बघायची आणि तपासून घ्यायची सवय लावली. त्यांच्या नावाने बोलायला उभं राहायचं तर विषय मातीचा असावा आणि ऐकणाऱ्याच्या ताटाशी त्याचा थेट संबंध असावा, असं मला वाटलं. म्हणून आजचा प्रश्न निवडला: घरी लावलेल्या भाजीला रासायनिक खत घालणं सुरक्षित आहे का?

मृदशास्त्र शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला हा प्रश्न लग्नकार्यात, रेल्वेच्या डब्यात, कुठेही गाठतो. विचारणारी बहुतेक वेळा एखादी आई किंवा आजी असते. गच्चीवर चार कुंड्यांत पालक, कोथिंबीर, मिरची लावलेली असते, आणि ती भाजी घरातल्या लहान मुलांच्या पोटात जाणार असते. तिला दोन उत्तरं मिळतात. एक म्हणतो, "रासायनिक म्हणजे विष, हातसुद्धा लावू नका." दुसरा म्हणतो, "काही होत नाही हो, बाजारातली भाजी तरी कशावर वाढते?" पहिल्या उत्तराने ती घाबरते, दुसऱ्याने बिनधास्त होते. भाजीला किती खत लागतं, हे दोघांपैकी एकानेही तिला सांगितलेलं नसतं.

माझं उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. मापात घातलेलं रासायनिक खत घरच्या भाजीला सुरक्षित आहे. पण कुंडीतलं ते माप इतकं लहान असतं की हाताच्या अंदाजाने ते पाळलं जात नाही. धोका आहे तो तिथे. आणि हे केवळ गोणीतल्या खताला लागू नाही. शेणखत, कंपोस्ट, जीवामृत या सगळ्यांना आपापली मापं आणि आपापले नियम आहेत. पुढचा तासभर मी याच विधानाची बाजू मांडणार आहे.

खत वेगळं, औषध वेगळं

आधी एक गल्लत दूर करू. आपल्याकडे "खतं-औषधं" असा जोडशब्द झाला आहे, आणि त्यामुळे एकाचं भय दुसऱ्याला चिकटतं. कीटकनाशक हे जीव मारण्यासाठीच बनवलेलं असतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते कीटकनाशकांमुळे. युरिया, डीएपी, पोटॅश ही झाडाची अन्नद्रव्यं आहेत: नत्र, स्फुरद आणि पालाश. त्यांच्यामुळे अपाय होऊच शकत नाही असं मी म्हणत नाही. युरियाचे पांढरे दाणे गुरांनी जास्त खाल्ले तर गुरं मरू शकतात, म्हणून ते घरात साखर-मिठाच्या डब्यांजवळ कधीही ठेवू नयेत, आणि मुलांच्या हाती लागतील असे तर नाहीच नाही. पण झाडाने शोषून घेतलेलं खत भाजीत "विष" म्हणून बसून राहतं, ही समजूत चुकीची आहे. भाजीत नेमकं काय राहतं आणि किती राहतं, ते बघू.

मूळ काय खातं?

झाडाला नत्र लागतं, आणि ते मुळांवाटे मुख्यतः दोन रूपांत आत जातं, नायट्रेट आणि अमोनियम. शेणखतातलं नत्र बहुतांश सेंद्रिय संयुगांत अडकलेलं असतं. मातीतले जीवाणू ते कुजवतात, आधी अमोनियम बनवतात, मग त्याचं नायट्रेट बनवतात, आणि तेव्हा कुठे ते मुळाला मिळतं. युरियाचंही तेच होतं. मातीतल्या विकरांमुळे काही दिवसांत त्याचं अमोनियम होतं, पुढे नायट्रेट. शेवटी मुळाशी पोहोचलेला नायट्रेटचा कण कुठून आला, हे ओळखण्याचं कोणतंही साधन झाडाकडे नाही.

युरियाबद्दल आणखी एक गोष्ट. हा पदार्थ प्रथम लघवीतून वेगळा केला गेला. १८२८ साली फ्रीडरिश व्योलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो प्रयोगशाळेत तयार केला आणि रसायनशास्त्राच्या इतिहासात एक नवं पर्व सुरू झालं. गोमूत्रातल्या नत्राचा मोठा भाग युरियाच असतो. गोमूत्रातला युरिया आणि गोणीतला युरिया यांच्या रेणूत तसूभरही फरक नाही. ज्यांना गोमूत्र पवित्र वाटतं आणि युरिया विष वाटतो, त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण पालकाच्या मुळाच्या दृष्टीने ते एकच आहे.

वनस्पतींना खनिज रूपातलं अन्न पुरतं, हा विचार युस्टुस फॉन लीबिश यांनी १८४० साली ग्रंथरूपाने मांडला. त्याची सर्वांत दीर्घ परीक्षा इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड इथे सुरू आहे. १८४३ साली जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गव्हाचे वाफे आखले. एकाला काहीच खत नाही, एकाला दरवर्षी हेक्टरी पस्तीस टन शेणखत, बाकीच्यांना वेगवेगळ्या प्रमाणात रासायनिक खतं. लॉज स्वतः सुपरफॉस्फेटचे कारखानदार होते, हे सांगायला हवं. पण प्रयोग त्यांच्यानंतरही चालू राहिला आणि आजही चालू आहे. योग्य प्रमाणातल्या रासायनिक खतावरचं पीक पिढ्यान्‌पिढ्या शेणखतावरच्या पिकाच्या तोडीचं आलं. जमीन नापीक झाली नाही. पण शेणखताच्या वाफ्यातला सेंद्रिय कर्ब मात्र दुपटीहून अधिक वाढला. हा फरक खरा आहे. रासायनिक खत झाडाला जेवू घालतं, मातीला नाही. शेणखत मातीला जेवू घालतं आणि मातीकरवी झाडाला.

हा दुसरा विचार आपल्या जवळच, होळकरांच्या इंदुरात, पक्का झाला. १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड यांनी तिथल्या संस्थेत पालापाचोळा, काडीकचरा आणि शेण यांपासून खत करण्याची रीत बसवली. ती जगभर "इंदूर पद्धत" म्हणून ओळखली जाते. लीबिश आणि हॉवर्ड यांना एकमेकांचे शत्रू म्हणून उभं करायची आपल्याला खोड लागली आहे. कुंडीत भाजी लावणाऱ्याला दोघांचीही गरज आहे.

एकरी पन्नास पोती

आता मापाकडे येऊ. या टेबलावर मी सोनाराकडे असतो तसा छोटा काटा ठेवला आहे आणि शेजारी बारा इंची कुंडी. कुंडीच्या तोंडाचा व्यास तीस सेंटिमीटर, म्हणजे तिचं क्षेत्रफळ चौरस मीटरचा साधारण चौदावा हिस्सा.

पालकाला शेतात ढोबळ मानाने हेक्टरी ८० किलो नत्र द्यावं असं धरू. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे हेक्टरी सुमारे १७४ किलो युरिया. एकराला सत्तर किलो, म्हणजे पंचेचाळीस किलोची दीड गोणी. चौरस मीटरला सतरा ग्रॅम. आणि या कुंडीला? सव्वा ग्रॅम. तोही एकदम नाही, दोन हप्त्यांत. एका वेळी अर्ध्या ग्रॅमहून थोडा जास्त. हे बघा, काट्यावर घेतो: अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत जेमतेम दिसेल इतका.

आता घरोघरी काय होतं ते काट्यावर टाकू. चहाचा एक सपाट चमचा युरिया भरतो सुमारे चार ग्रॅम. पूर्ण हंगामाच्या मात्रेच्या तिपटीहून जास्त, एकाच वेळी. आणि एक मूठ? शेतावर वाढलेल्या माणसाचा हात सवयीने मुठीकडेच जातो. माझी लहानशी मूठ या काट्यावर चाळीस ग्रॅम दाखवते. या कुंडीत ती टाकली तर हिशेब होतो एकराला पन्नासहून अधिक पोती युरिया. कोणता शेतकरी पालकाला एकरी पन्नास पोती युरिया टाकेल? त्याला ते परवडणार नाही आणि पीकही उभं राहणार नाही. पण शहरातल्या बाल्कनीत ते सहज घडतं, कारण तिथे मुठीची किंमत दोन रुपयेसुद्धा नसते.

परिणाम आपण पाहिलेले असतात. पानांच्या कडा करपतात. कुंडीच्या काठावर आणि मातीच्या पृष्ठभागावर पांढरा थर येतो, तो क्षारांचा. शेतात जादा क्षार खालच्या थरात उतरायला जागा असते; कुंडीला तळ असतो. झाड जगलं तर पान मोठं, गडद हिरवं, लुसलुशीत होतं, आणि आपण खूश होतो. त्या लुसलुशीत पानावर मावा येतो, तुडतुडे येतात, कारण जादा नत्राने पेशी कोवळ्या राहतात आणि रसात अमिनो आम्लं वाढतात. मावा दिसला की आपण औषध आणायला धावतो. घरच्या भाजीत खताच्या अतिरेकाने होणारं मोठं नुकसान हे असं आडवाटेने येतं: खताची मूठ जास्त पडते आणि तिच्यापाठोपाठ कीटकनाशक घरात शिरतं.

पानातलं नायट्रेट

लुसलुशीत पानात आणखी एक गोष्ट साठते. मुळातून वर आलेलं नायट्रेट पानात प्रथिनांसाठी वापरलं जातं. ते वापरायला एक विकर लागतं आणि त्या विकराला ऊन लागतं. ऊन कमी आणि नत्र जास्त असेल, तर नायट्रेट देठात आणि पानात तसंच पडून राहतं. पालक, माठ, मुळा, बीट ही साठवण करणारी पिकं. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, दोडका या फळभाज्यांत ते फारसं पोहोचत नाही. म्हणून "भाजीला खत चालेल का" असा सरसकट प्रश्न विचारता येत नाही. मिरचीला चालेल, तेच पालकाला जपून.

आणि इथे शहरातल्या बाल्कनीची अडचण लक्षात घ्या. समोर इमारत, ऊन दोन-तीन तास, जूनपासून पुढे आभाळ भरलेलं. युरोपीय देशांनी लेट्यूसच्या पानांतल्या नायट्रेटची मर्यादा हिवाळ्यात वेगळी आणि उन्हाळ्यात वेगळी ठेवली, त्याचं कारण हेच ऊन. ताज्या पालकासाठी त्यांची मर्यादा किलोला ३५०० मिलिग्रॅम होती, आणि लहान बाळांच्या अन्नासाठी फक्त २००. म्हणजे पावसाळ्यातली सावलीतली कुंडी, तिच्यात पालक आणि वर चमचाभर युरिया, हा सगळ्यांत वाईट मेळ आहे, आणि तो आपल्याकडे सर्रास जमतो.

यातून होतं काय? खाल्लेल्या नायट्रेटपैकी साधारण पाच टक्क्यांचं तोंडातले जीवाणू नायट्राइट बनवतात. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला असं बदलतं की ते ऑक्सिजन वाहू शकत नाही. मोठ्या माणसाचं शरीर हे सहज सांभाळतं. अगदी लहान बाळाचं सांभाळत नाही. त्याची त्वचा निळसर पडते. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले डॉक्टर हंटर कॉमली यांनी विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटने निळी पडलेली बाळं नोंदवली. त्या विहिरी जुन्या, उथळ, धड झाकण नसलेल्या होत्या आणि गोठ्याची घाण त्यांत झिरपू शकत होती. तिथे युरियाच्या गोणीची गरज लागली नाही. शेणामुतातून आलेलं नायट्रेटही तेच काम करतं.

मग पालक खायचाच नाही का? तसं अजिबात नाही. नायट्रेटची दिवसाची स्वीकार्य मात्रा शरीराच्या वजनाच्या किलोमागे ३.७ मिलिग्रॅम मानली जाते. पन्नास किलोच्या माणसाला १८५ मिलिग्रॅम. किलोला २५०० मिलिग्रॅम नायट्रेट असलेला शंभर ग्रॅम पालक खाल्ला तर ती ओलांडली जाते. पण ही मात्रा आयुष्यभर रोज घेण्यासाठी ठरवलेली, मोठा सुरक्षित अवकाश राखून काढलेली असते. एखाद्या दिवशी ती ओलांडली म्हणजे विषबाधा झाली असं होत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००८ साली हा सगळा पुरावा तपासून निष्कर्ष काढला की भाज्यांतून मिळणारा फायदा नायट्रेटच्या जोखमीपेक्षा मोठा आहे. शरीरात नायट्रेटपासून नायट्रिक ऑक्साइडही तयार होतं, जे रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरवायला मदत करतं. त्याच नायट्रिक ऑक्साइडचं रक्तवाहिन्यांतलं काम उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चं नोबेल मिळालं. कर्करोगाची भीतीही निराधार नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात, शरीरात नायट्रोसो संयुगं तयार होतील अशा परिस्थितीत पोटात गेलेलं नायट्रेट आणि नायट्राइट माणसाला बहुधा कर्करोगकारक ठरतं, असं म्हटलं आहे. पण भाजीत नायट्रेटसोबत क जीवनसत्त्वही असतं, आणि ते ही संयुगं तयार होण्याला आळा घालतं. खारवलेल्या मांसातल्या नायट्राइटची गोष्ट निराळी आणि ताज्या पालकाची निराळी.

तेव्हा काळजी घ्यायची ती नेमक्या ठिकाणी. सहा महिन्यांखालच्या बाळाला पालकाचं पाणी किंवा बिटाची पेज देऊ नये. त्या वयात आईचं दूध पुरतं. पुढेही बाळाला जुलाब होत असतील तर पालक टाळावा. शिजवलेला पालक बाहेर तासन्‌तास ठेवू नये, कारण त्यात जीवाणू वाढून नायट्राइट तयार होतं. सकाळचा उरलेला पालक रात्री मुलाला भरवण्यापेक्षा ताजा करावा. पालक दिवसभराचं ऊन खाऊन झाल्यावर, दुपार उलटल्यावर खुडावा. तेव्हा त्यात नायट्रेट पहाटेपेक्षा कमी असतं. आणि जाड देठ काढून टाकावेत, साठा तिथे जास्त असतो.

कॅडमियमचा हिशेब

रासायनिक खतावरचा दुसरा गंभीर आक्षेप स्फुरदाच्या खतातल्या कॅडमियमचा आहे. तो खरा आहे. स्फुरद खडकातून येतं, आणि समुद्राच्या तळाशी साचून झालेल्या काही खडकांत कॅडमियम नैसर्गिकरीत्या असतं. ते मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साठतं. युरोपीय संघाने २०१९ च्या नियमाने स्फुरद खतांसाठी मर्यादा घातली: खतातल्या स्फुरदाच्या, म्हणजे पी-टू-ओ-फाइव्हच्या, दर किलोमागे ६० मिलिग्रॅम कॅडमियम.

ही कमाल मर्यादा धरून कुंडीचा हिशेब करू. पाच ग्रॅम डीएपीत २.३ ग्रॅम स्फुरद, म्हणजे कॅडमियम जास्तीत जास्त ०.१४ मिलिग्रॅम. कुंडीत दहा किलो माती असेल तर वाढ किलोला ०.०१४ मिलिग्रॅम. एका वेळेला ही वाढ नगण्य. पण तीच माती न बदलता वर्षातून दोनदा, दहा वर्षं असंच केलं, तर ती किलोला ०.२८ होते. साध्या निर्धोक मातीत जेवढं कॅडमियम मुळात असतं, जवळपास तेवढी भर. म्हणून स्फुरदाचं खत एकदाच, लागवडीच्या वेळी, मापात. दर महिन्याला "फुलं यावीत म्हणून" डीएपी टाकत राहणं थांबवावं.

याच तराजूत आता कंपोस्ट घालू. आपल्या खत नियंत्रण आदेशात शहरी कचऱ्याच्या कंपोस्टसाठी कॅडमियमची मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम आणि शिशाची १०० मिलिग्रॅम आहे. मर्यादेच्या काठावरचं एक किलो शहरी कंपोस्ट कुंडीत घातलं, तर कॅडमियम पडतं पाच मिलिग्रॅम. पाच ग्रॅम डीएपीच्या पस्तीसपट. चांगल्या कंपोस्टात ते याहून पुष्कळ कमी असतं, आणि सेंद्रिय पदार्थ कॅडमियमला धरून ठेवतो हेही खरं. पण गोणीवर "सेंद्रिय" लिहिलंय म्हणून डोळे मिटून घेण्यासारखं त्यात काही नाही. ओला कचरा वेगळा न काढता केलेलं कंपोस्ट भाजीला वापरू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

तरीही पुराव्याची दुसरी बाजू झाकून ठेवणार नाही. २०१४ साली ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये ३४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सेंद्रिय पिकांत कॅडमियम सरासरी ४८ टक्के कमी आणि नायट्रेट ३० टक्के कमी आढळलं. कॅडमियमचा फरक मुख्यतः धान्यांत दिसला. नायट्रेटचा फरक मात्र आपल्या पालेभाजीशी थेट संबंधित आहे, आणि तो पटण्यासारखा आहे: हळूहळू मिळणारं नत्र झाड वापरून टाकतं, एकदम मिळालेलं साठवतं. सेंद्रिय खताची बाजू घ्यायची तर या कारणासाठी घ्यावी.

सेंद्रिय म्हणजे सुरक्षित?

सेंद्रिय खताचा स्वतःचा एक धोका आहे, आणि तो पोटात त्याच आठवड्यात कळतो. कच्च्या शेणात ई. कोलाय, साल्मोनेला यांसारखे जीवाणू आणि जंतांची अंडी असू शकतात. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या सरकारी नियमांनुसार कच्चं शेण मातीत मिसळल्यापासून, मातीला टेकणाऱ्या भाजीची काढणी किमान १२० दिवसांनी करायची आणि न टेकणाऱ्या पिकाची ९० दिवसांनी. आपला पालक महिन्याभरात खुडायला येतो. म्हणजे कच्चं शेण घालून पालक लावणं त्या नियमात बसतच नाही.

आपल्याकडे जीवामृताचा प्रसार सुभाष पाळेकरांनी मोठ्या प्रमाणावर केला. दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर माती आणि दोनशे लिटर पाणी, असं ते एकराच्या जमिनीसाठी आहे. तेच बाल्कनीत कोथिंबिरीच्या पानांवर शिंपडायचं आणि दोन दिवसांनी ती कोथिंबीर कच्ची पोह्यांवर घालायची, हे मात्र धोक्याचं आहे. जीवामृत द्यायचं तर मातीला द्या, पानाला नको. आणि कच्ची खायची कोथिंबीर, काकडी, गाजर, मुळा यांना पूर्ण कुजलेलं खतच द्या. कंपोस्टचा ढीग आतून ५५ अंशांपर्यंत तापला आणि अनेकदा उलटला गेला, की रोगजंतू मोठ्या प्रमाणात मरतात. हाताला गार लागणारं, काळं, मातीचा वास येणारं खत झालं की ते तयार. वास आंबूस असेल तर थांबा.

खतापेक्षा मोठं काहीतरी

घरच्या भाजीची सुरक्षितता ठरवताना खताआधी पाणी आणि माती तपासावी. मुंबईत रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर पालक, भेंडी वाढताना प्रवाशांनी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. त्या भाजीला शुद्ध गांडूळखत घातलं तरी ती सुरक्षित होणार नाही. जुन्या इमारतींच्या रंगाचे पोपडे, पाडलेल्या बांधकामाचा राडारोडा, वाहत्या रस्त्याच्या कडेची माती यांत शिसं असू शकतं. शिसंमिश्रित पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झालं, पण मातीत पडलेलं शिसं उडून जात नाही. गच्चीच्या भिंतीचे पोपडे कुंडीत पडू देऊ नका. भरावाची माती भाजीला घेऊ नका.

आणि पाणी. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटची समस्या तीव्र असलेल्या देशातल्या जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती यांची नावं आहेत. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. समजा बोअरच्या पाण्यात ते शंभर आहे. त्या एका लिटरात सुमारे तेवीस मिलिग्रॅम नत्र असतं. कुंडीला रोज एक लिटर घातलं, तर महिन्यात जवळपास ०.७ ग्रॅम नत्र. आपण मघाशी कुंडीचं माप काढलं ते सव्वा ग्रॅम युरियाचं, म्हणजे ०.५७ ग्रॅम नत्राचं. पाण्यातूनच पूर्ण मात्रा पडून गेली! त्या घरात युरियाची एक चिमूटही जास्तच आहे. आणि ते पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि नायट्रेट दाट होतं. बाळाच्या दुधासाठी ते वापरू नये. विदर्भातल्या घरांना खताच्या प्रश्नाआधी पाणी तपासण्याची गरज आहे, आणि तपासणीची सोय गावपातळीवर मिळणं हा त्यांचा हक्क आहे.

करायचं काय?

कुंडीच्या मातीत तिसरा हिस्सा चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत घालून सुरुवात करा. पालेभाजीला बहुधा तेवढ्यावरच भागतं. मेथीच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र बांधतात. तिला युरियाची गरज नाही. पालक, माठ फारच पिवळट दिसले आणि ऊन चांगलं असेल, तर अर्धा ग्रॅम युरिया लिटरभर पाण्यात विरघळवून मातीला द्या, आणि त्यानंतर किमान दोन आठवडे खुडू नका. मिरची, टोमॅटो, वांगी दीर्घकाळ फळतात, त्यांना भूक लागते. त्यांना १९:१९:१९ सारखं विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, मातीत ओल असताना. कोरड्या मातीला खत कधीच नको. सुटं, बिनलेबलचं रंगीत दाणेदार खत रोपवाटिकेतून आणू नका. नत्र, स्फुरद, पालाशाचे आकडे ज्या पाकिटावर छापलेत तेच घ्या. पांढरा थर दिसला तर खत बंद करून भरपूर साधं पाणी घालून कुंडी निथळू द्या. आणि भाजी कशावरही वाढलेली असो, वाहत्या पाण्यात धुवा.

यातली एकही गोष्ट अवघड नाही. पण प्रत्येकीसाठी मोजावं लागतं. आपल्या लोकांना विज्ञान झेपत नाही, त्यांना "घाला" किंवा "घालू नका" एवढंच सांगावं, असं मानणाऱ्यांशी माझं भांडण आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवारातून याच्या बरोबर उलट करून दाखवलं. साध्या शेतकऱ्यांनी आणि गृहिणींनी आपल्या वाफ्यात प्रयोग करायचे, मोजायचं, निष्कर्ष एकमेकांना कळवायचे, ही त्यांची रीत होती. त्यांनी लोकांच्या बुद्धीवर विश्वास ठेवला, आणि तो सार्थ ठरला.

म्हणून आयोजकांपुढे एक मागणी ठेवून थांबतो. आपल्या तालुक्यात अनेक शाळांत पोषण आहारासाठी परसबागा आहेत. त्या प्रत्येक शाळेला या व्याख्यानमालेतर्फे एक छोटा काटा आणि एक वही द्या. मुलांनी खत तोलून घालावं, किती घातलं, ऊन किती, पाणी कुठलं, भाजी कशी आली हे लिहावं, आणि वर्षाला एकदा माती आणि पाणी तपासून घ्यावं. जी मुलं आज चिमूट आणि मूठ यांतला फरक काट्यावर पाहतील, ती उद्या विषाच्या भीतीने भाजी सोडणार नाहीत आणि जाहिरातीच्या भरात गोणी ओतणारही नाहीत. या पहिल्या काट्याचे पैसे माझ्याकडून घ्यावेत.